मृत्यूनंतर लग्न

माझ्या मावशीची लाँड्री आहे आणि कपड्यांची अदलाबदल झाली अशी तक्रार तिच्याकडे करायची कुणाची छाती नाही. दोन गिऱ्हाइकांचे एकाच मापाचे दोन पांढरे शर्ट तिच्यापुढे टाका, टॅग न बघता ती कॉलरवरून सांगेल कुठला कुणाचा. अशा बाईने दोन सख्ख्या भावांची गल्लत करून त्यातल्या एकाला हयातीतच वर पोचवावं, ही गोष्ट आमच्या घराण्यात आता अजरामर झाली आहे. त्यात माझा हातभार मोठा आहे, कारण भेटेल त्याला ती मीच सांगतो.

साठी उलटल्यावर मावशीच्या डोक्यात सगळ्या घराण्याला एका छताखाली आणायचं खूळ शिरलं. सगळं घराणं म्हणजे खरं तर एकच माणूस, तिचा चुलत भाऊ. आजोबांचा पहिला नातू म्हणून त्याला सगळे थोरला म्हणतात. लहानपणी दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे. मग त्याचं लग्न ठरलं. मावशीने नुकतंच दुकान थाटलं होतं. नवरदेवाचा कोट मीच इस्त्री करणार म्हणून ती हटून बसली आणि बरोबर पाठीवर तिने इस्त्रीएवढं भोक पाडलं. त्याने भर मांडवात सांगितलं की हिच्याकडे कपडे देणाऱ्याने उघडं घरी जायची तयारी ठेवावी. त्यानंतर चाळीसेक वर्षं अबोला. दोघंही एक नंबरचे हट्टी, आधी कोण बोलणार यावरच सगळं अडलेलं. मावशी वरवर म्हणायची, गेला उडत. पण तो यावा म्हणून तिचा जीव तुटत होता, हे दुकानातल्या हँगरांनाही ठाऊक होतं.

त्याला फोन करायला निमित्त हवं म्हणून तिने वंशावळ काढली. मी तिच्या काउंटरमागच्या संगणकावर त्यासाठीचं एक फुकट सॉफ्टवेअर टाकून दिलं. तिचा पहिला प्रश्न, फुकट का देतात, त्यात मेख काय आहे? मी सांगितलं की जगभरातली हौशी माणसं ते फावल्या वेळात बनवतात. रिकामटेकडे मेले, असं ती म्हणाली आणि आठवडाभरात स्वतःच त्याच्या नादी लागली. थोरल्याला मात्र तिने जन्मतारीख विचारायला फोन केला तेव्हा त्याने बायकोकरवी निरोप दिला, काय लिहायचं ते लिही म्हणावं. मावशीने मग अंदाजाने साल टाकलं.

दरम्यान, परगावी राहणाऱ्या मावशीच्या म्हाताऱ्या आत्याने नातीकडून तसलीच एक फाइल भरून घेतली होती, ती तिने पाठवली. दोन्ही फाइली एकत्र झाल्या आणि प्रत्येक माणूस दोनदा दिसू लागला. त्यावरही सॉफ्टवेअरमध्ये सोय होतीच. ते सारख्या दिसणाऱ्या दोन नोंदी शेजारी मांडतं आणि विचारतं, हा एकच माणूस आहे का? मावशी इस्त्री करता करता मोज्यांच्या जोड्या लावाव्यात तशी माणसं जुळवत सुटली. थोरल्यापाशी आली. नाव तेच, आईबाप तेच, जन्मसालात एका वर्षाचा फरक. आत्याचं वय झालंय, साल चुकलं असणार, असं म्हणून तिने दिलं एकत्र करून. आत्याच्या नोंदीत मृत्यूचा रकानाही भरलेला होता, तो बघायच्या आत एक गिऱ्हाईक आलं. परत येऊन बसते तर तेच नाव पुन्हा पुढे, तेही तिने त्यातच मिसळून टाकलं.

मी तक्ता छापला आणि मेळाव्याच्या आमंत्रणासोबत सगळ्यांना पाठवून दिला.

चारच दिवसांनी थोरला लाँड्रीत हजर. त्याने घडी केलेला तक्ता काउंटरवर ठेवला.

"वर्षाचा व्हायच्या आतच गेलो म्हणे मी," तो म्हणाला. "कोट जाळून समाधान झालं नव्हतं वाटतं?"

मावशीने या क्षणासाठी चाळीस वर्षं उत्तरं घोकून ठेवली होती. ती सगळी सोडून तिने स्टूल पुढे सरकवलं आणि चहा घेणार का, एवढंच विचारलं.

मी घाईघाईने सॉफ्टवेअरची चुका तपासायची सोय चालवली, जी आम्ही छापण्याआधी चालवायला हवी होती. पडद्यावर थोरल्याच्या नावापुढे लाल ओळी उमटल्या. मृत्यूनंतर लग्न. मृत्यूनंतर दोन मुली. मृत्यूनंतर नोकरीतून निवृत्ती. थोरल्याने चष्मा लावून सगळं सावकाश वाचलं.

"लग्नानंतर मृत्यू लिहिलं असतं तर मी काही बोललो नसतो," तो म्हणाला.

मावशीला असं काही हसू फुटलं की तिने इस्त्री बंद केली. मग तोही हसला. शर्ट न्यायला आलेला माणूस पावती हातात धरून ताटकळत राहिला.

एकदा एकत्र केलेली नोंद वेगळी करता येईना, म्हणून मी आत्याची मूळ फाइल उघडली. तिथे दोघं होते. आधी एक बाळ, त्याच्याखाली थोरला, दोघांचं नाव एकच. आपल्याआधी एक मूल होऊन गेलं हे थोरल्याला माहीत होतं, पण घरात त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नसे. नाव तेच होतं हे तो आज प्रथमच वाचत होता. बाळाच्या नोंदीत आत्याने टीप लिहिली होती: "दोन दात आले होते. कुणाकडेही हसत जायचा. तो गेल्यावर वहिनीने दुसऱ्याचंही तेच नाव ठेवलं. ती हाक मारायची सवय तिला सोडवेना."

थोरल्याने ते पुन्हा पुन्हा वाचलं.

"आई मला हाक मारायची आणि कधी कधी नुसती बघत राहायची," तो म्हणाला. "मला वाटायचं, माझं काहीतरी चुकलं."

मावशीने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला रडू आवरेना, म्हणून मी त्या गिऱ्हाइकाला त्याचे शर्ट काढून दिले.

त्या संध्याकाळी दोन स्वतंत्र नोंदी झाल्या. थोरल्याने आपली जन्मतारीख स्वतः सांगितली. मेळाव्याला येणार का, हे मावशीने विचारलं नाही आणि त्यानेही सांगितलं नाही. हट्ट म्हणजे हट्ट. मग मेळाव्यापर्यंत दुकानाचं दार वाजलं की मावशीची मान वळे, आणि ती सगळा राग माझ्यावर काढी.

मेळाव्याच्या दिवशी हॉलमध्ये अजून खुर्च्याही मांडून व्हायच्या होत्या तेव्हा थोरला बायकोमुलींसह दारात उभा. मावशी नवा तक्ता भिंतीवर चिकटवत होती. तिने त्याच्याकडे बघितलं आणि दुसरं टोक धर म्हणाली. दिवसभर तो तिथून हलला नाही. येणारा प्रत्येक जण त्याला थोरले म्हणून नमस्कार करी, आणि तो त्याचा दंड धरून तक्त्यापाशी नेई, दोन दातांच्या त्या बाळावर बोट ठेवी.

"हा माझा दादा," तो सांगे. "थोरला तो. मी धाकटा."

सत्तरीच्या माणसाला उशिरा का होईना मोठा भाऊ मिळाला होता आणि त्याचा तोरा बघण्यासारखा होता. पानं मांडून झाली तरी तो तक्त्यापाशीच. शेवटी मावशीने हॉलच्या दुसऱ्या टोकावरून, सगळ्या घराण्यादेखत हाक मारली.

"धाकट्या, जेवायला चल."

"आलो, आलो," म्हणत तो लहान मुलासारखा धावत गेला आणि तिच्या शेजारच्या पानावर जाऊन बसला.