गोऱ्या बाईचा ढावलो

सेनगावला जाणाऱ्या जीपच्या टपावर माझी पत्र्याची पेटी चढली तेव्हा आमच्या बंजारा तांड्यातल्या बाया ओळीनं उभ्या होत्या, आणि काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. तांड्यातून पोरगी जाते ती लग्न होऊन. ही तर नर्सिंग शिकायला पुण्याला चाललेली. शेवटी एका काकीनं विचारलंच, "नवरदेव मागून येऊन राहिला का गं?" सगळ्या हसल्या. माझे वडील, बापू, मात्र जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "कोणी गाव विचारलं तर परभणी जिल्हा म्हण. तांडा सांगायची गरज न्हाई." पुढं आमचा जिल्हा हिंगोली झाला. मी तेवढी दुरुस्ती करून घेतली. तांडा काही सांगितला नाही.

तिकडं राहिलेल्यांना आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांना हे मुद्दाम लिहितेय, कारण मला थोडी फुशारकी मारायची आहे. पण आधी माझी अक्कल किती होती ते ऐका.

होस्टेलवर माझ्या खोलीत गोव्याची एक मुलगी होती. ती एका परदेशी बाईच्या बँडची कॅसेट लावायची. अल्टरनेटिव्ह रॉक म्हणे. गिटार अशी, जशी मळणीयंत्रात ओलं सोयाबीन अडकलंय, आणि त्यावर ती बाई ओरडायची. मला वाटलं, टेप अडकतेय. एकदा मुलगी आंघोळीला गेल्यावर मी कॅसेट काढली, पेन्सिल घालून रीळ नीट गुंडाळलं आणि परत लावली. पुन्हा तेच. "कॅसेट खराब निघालीय, दुकानात बदलून आण," असा सल्ला मी तिला मनापासून दिला. त्यानंतर बरेच दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

मग नोकरी, लग्न, फ्लॅट, हप्ते, गुडघे. गेल्या दिवाळीच्या सफाईत माझ्या लेकीनं, सानिकानं, स्पीकरवर काहीतरी लावलं. मी माळ्यावरचे डबे पुसत होते. एक गाणं सुरू झालं. बाई आधी नुसती बोलल्यासारखी, शेजारणीला काही सांगावं तशी. मग आवाज चढला, चढत गेला आणि मधेच फाटला. पण ती थांबली नाही. फाटलेला आवाज तसाच घेऊन पुढं गेली.

मी स्टुलावर खाली बसले.

"मम्मा, चक्कर आली का?"

"ही बाई कोण?"

"हा नाइन्टीजमधला अल्बम आहे. तुझ्याच काळातला. तू तेव्हा काय करत होतीस?"

काय सांगणार? तिच्या फोनवरचं कव्हर मी ओळखलं. हाच अल्बम मी दुकानातून बदलून आणायला सांगितला होता.

मला खाली बसवलं ते वेगळ्याच गोष्टीनं. आमच्यात नवरी सासरी निघताना एकेकीच्या गळ्यात पडून सुरात रडते. त्याला ढावलो म्हणतात. घर, गोठा, बहीण, भाऊ, एकेकाचं नाव घेऊन जुळवत जायचं, आणि जिच्या गळ्यात पडली तिनंही सूर मिळवायचा. लग्न ठरलं की म्हाताऱ्या बाया पोरीला ते शिकवतात. माझं लग्न झालं पुण्यात, कोर्टात, सह्या करून. मला कोणी शिकवलं नाही. म्हणून गावाकडच्या लग्नात ढावलो सुरू झाला की मला हटकून चहाचं बघायचं असायचं. सुरुवात बोलल्यासारखी, मग चढ, मग फाटणं, आणि फाटल्यावर न थांबणं. त्या गोऱ्या बाईला हे कोणी शिकवलं असेल?

त्या दिवसापासून अल्बम मला चिकटला. ड्युटीवर जाताना, येताना, पोळ्या करताना. पार्किंगमध्ये गाडीच्या काचा लावून मी तिच्याबरोबर ओरडूनही पाहिलं. वॉचमननं काच वाजवली, "मॅडम, सब ठीक?"

उन्हाळ्यात भावाच्या मुलीचं, शीतलचं लग्न निघालं. बीएस्सी झालेली पोरगी, पण आजीकडून ढावलो शिकलेली. माझी आई, म्हणजे याडी, म्हणाली, "आता तू नवरीची फूफी, आत्या हायस. ती पयली तुझ्याच गळ्यात पडंल. चहा करायला पळू नको." तोंड उघडलं नाही तर तांडा म्हणणार, ही आता आपली राहिली नाही. उघडलं तर ऐकणार.

शीतल आली, गळ्यात पडली, दोन ओळी म्हणाली आणि अडकली. खरंच हुंदका आला होता. सुरात रडायचं तर खरं रडू आड येतं. वऱ्हाडाचे मोबाईल वर. बाया माझ्याकडं बघतायत. पोरीची नखं माझ्या पाठीत. मग मी सुरू केलं. आमच्या गोरमाटी बोलीत, बोलल्यासारखं: तुझ्या अंगणात मी आता पाहुणी. आवाज चढवला. मग तो फाटला, चांगला चरचरीत. मी थांबले नाही. पण शब्द संपले, आणि तेवढ्यात शीतलनं पुढची ओळ उचलली. तिच्या मागून याडीनं, मग काकीनं.

संध्याकाळी याडीनं विचारलं, "चाल आपली न्हाई. कोणाची घेतली?"

मी इअरफोन तिच्या कानात घातला. तिनं डोळे मिटून अख्खं गाणं ऐकलं. "लई लांब दिली हिला," म्हणाली.

"याडी, तिचं लग्न नाही झालं. गाणं आहे ते."

"मंग? आमी बी सकाळी गाणंच म्हणलं. भांडून राहिलो व्हतो का?" मग माझ्याकडं बघून, "सूर न्हाई तुला. पर घसा घरचा हाय."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला पुष्कळ प्रमाणपत्रं मिळाली. फ्रेम करावंसं हे एकच वाटलं.

घर कुठलं, पुणं की तांडा, याचा मी पूर्वी फार विचार करायचे. आता मधेच आवाज गेला तर पुढची ओळ उचलणाऱ्या बायांना मी घर म्हणते. त्यातली एक परदेशी आहे आणि तिला आमचा पत्ता नाही, पण याडीनं तिला आपल्यात मोजून घेतलंय. परवा फोनवर सगळ्यांची खुशाली झाल्यावर तिनं विचारलं, "आन् ती गोरी? तिला माहेरी आणलं का गं कोणी?"