अख्ख्या मजल्याचा प्लॅन

नायगावच्या चाळीतलं एक कुटुंब नव्या टॉवरमध्ये जाणार होतं आणि त्यांच्या घराचं डिझाइन माझ्याकडे होतं. प्लॅन दाखवायला गेले, तर अख्खा मजला जमलेला. यांना बोलावलं कोणी? समोरच्या काकांनी ओटाच दुसऱ्या भिंतीला नेला. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "बेडरूमची भिंत काढा हो, नाहीतर आम्ही आल्यावर बसायचं कुठे?" पाचव्यांदा खोडाखोड झाली तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"अहो, इथे राहणार कोण?" मी ओरडलेच.

मग मी सगळ्यांना चहा देणाऱ्या घरच्या बाईंना विचारलं, "तुम्हाला काय हवंय?"

रिकामे कप उचलता उचलता त्या हळूच म्हणाल्या, "आतून कडी लावता येईल अशी एक खोली द्या. बास."