मामांच्या गाठीचा तुकडा

केनवडच्या मामांच्या गालातली कॅन्सरची गाठ दुसऱ्या दिवशी काढायची होती. तिचा एक तुकडा आमच्या प्रयोगशाळेला हवा होता, म्हणून संमतीचा कागद घेऊन मीच गेले. माझं कॉलेज मामांमुळेच झालं. ऑपरेशनला ते जेमतेम तयार झाले होते. कागदावरून बिनसलं तर उठून गावी जातील, ही मला धास्ती होती.

"तुकडा कायले पाह्यजे? कोनाले इकून राह्यले का तुमी लोकं?"

मी समजावलं, की काही बारीक आरएनए रेणू पेशींची वाढ आवरून धरतात, ते कमी झाले की पेशी मोकाट सुटतात. मामांच्या गाठीत कोणते कमी झाले, ते आम्हाला पाहायचं होतं.

"मंग ते कमी कोनं केले?"

"तंबाखूच्या खर्ऱ्यानं असन. पक्कं मालूम नाई."

"इतकी शिकली अन् मालूम नाई मनते! याच्यात मले काय फायदा?"

खोटं बोलवेना. "तुमाले काईच नाई, मामा. झाला तर पुढच्यांले."

त्यांनी चष्मा लावून कागद पहिल्या ओळीपासून वाचून काढला.

"फायदा नाई मननारी तू पह्यलीच," म्हणत त्यांनी सही केली. तरी तुकडा केवढा घेणार, ते मला नखावर दाखवायला लावलंच.