बर्फातून आलेला करदोटा

ऑगस्टमधला मंगळवार, सकाळची बैठक. हजर: सुपरिंटेंडंट, केरी परगण्यातला एक डिटेक्टिव्ह, आणि मी, स्टेशनची सार्जंट. नोकरीतल्या शेकडो बैठका मी विसरले. ही विसरणं शक्य नाही.

मी मूळची पुण्याची. नवऱ्याच्या नोकरीमुळे डब्लिनला आले, इथल्या पोलीस दलात भरती झाले आणि गुडघ्यांनी साथ सोडल्यावर मुदतीआधी निवृत्त झाले. शेवटची वर्षं मेनूथजवळच्या स्टेशनात काढली. मेनूथ हे विद्यापीठाचं गाव. चोरीच्या सायकली, खोल्यांच्या भाड्यावरून तक्रारी आणि शनिवारची भांडणं, हे आमचं रोजचं काम.

त्या दिवशी टेबलावर आल्प्समधल्या एका देशाच्या पोलिसांचं पत्र होतं. तिथल्या हिमनद्या दर उन्हाळ्यात मागे सरकतात आणि पोटातलं बाहेर टाकतात. कधी जुनी स्की, कधी माणूस. त्या उन्हाळ्यात बर्फाच्या कडेला एका तरुणाचा मृतदेह निघाला होता. भेगेत पडून मृत्यू, आणि तोही काही दशकांपूर्वी, असं त्यांच्या डॉक्टरांचं मत होतं. कागदपत्रं नाहीत. खिशात घोड्याचं चित्र असलेलं आयर्लंडचं जुनं नाणं, म्हणून चौकशी आमच्याकडे आली. बेपत्ता आयरिश पुरुषांशी ताडून झालं होतं, कोणीच जुळत नव्हतं. पत्र आता स्टेशनांमधून फिरत होतं.

वस्तूंच्या वर्णनात शेवटी लिहिलं होतं: कपड्यांच्या आत कमरेला गाठ मारलेला काळा दोरा, त्यात एक पोकळ चांदीचा मणी.

"बांधून टाकला असणार," डिटेक्टिव्ह म्हणाला.

"माणसाचे हात बांधतात. कंबर कोण बांधतं?" सुपरिंटेंडंट म्हणाले.

"आमच्याकडे आई बांधते," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी समजावलं. याला करदोटा म्हणतात. मुलगा लहान असतानाच कमरेला येतो आणि पुष्कळ जण तो जन्मभर ठेवतात.

"कशासाठी?"

"दृष्ट लागू नये म्हणून. माझे काका म्हणायचे, चड्डी पडू नये म्हणून."

डिटेक्टिव्ह हसला आणि मध्येच थांबला. आम्हा तिघांना एकच फाइल आठवली होती.

तीसेक वर्षांपूर्वी विदर्भातला एक विद्यार्थी आमच्या हद्दीतल्या एका सुताराच्या घरी खोली घेऊन राहत होता. विषय भूगोल. ईस्टरच्या सुट्टीत तो गेला आणि परतला नाही. भारताकडे जाणाऱ्या विमानांत त्याचं नाव मिळालं नाही. युरोपातल्या इतर देशांच्या व्हिसाची चौकशी झाली होती की नाही, याचा फाइलमध्ये उल्लेख नव्हता. त्याच महिन्यात सुताराने परसातल्या शेडमध्ये काँक्रीट घातलं होतं. पोलिसांनी ते फोडलं. खाली माती निघाली. गाव म्हणालं, मग दुसरीकडे पुरलं असेल.

गुन्हा कधीच दाखल झाला नाही, संशय मात्र कायम राहिला. मेनूथमध्ये खोली मिळत नाही म्हणून मुलं मित्रांच्या सोफ्यावर झोपून वर्ष काढतात, पण त्या घरातल्या दोन खोल्या रिकाम्या होत्या. आपल्या मराठी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवरही दर सप्टेंबरला कोणीतरी लिहायचं, 'त्या घरात नको'. म्हातारा आता ऐंशीच्या पुढे होता. बायको हे ऐकत ऐकतच गेली होती.

मी एकच गोष्ट ठरवून घेतली. दोऱ्याचं आणि मण्याचं या खोलीबाहेर कोणी बोलायचं नाही. जे आपण सांगतो ते साक्षीदार आपल्याला परत ऐकवतो. त्याला पुराव्याची किंमत नसते.

दुसऱ्या दिवशी साध्या कपड्यांत मी आणि डिटेक्टिव्ह म्हाताऱ्यांच्या घरी गेलो. त्याला मी बजावलं होतं, तू फक्त चहा प्यायचा.

"विचारा," म्हातारे म्हणाले. "उत्तरं पाठ आहेत. शुक्रवारी गेला. खांद्यावर सॅक होती. अभ्यासासाठी काही बघायचंय, पुढच्या रविवारी येतो म्हणाला. शेडमध्ये काही नाही."

"ते नको. तो इथे कधी आजारी पडला होता?"

हा प्रश्न पाठांतरात नव्हता.

"एकदा. फ्लू झाला होता. बायको मुलींना घेऊन माहेरी गेली होती, मीच बघत होतो. घामाने शर्ट भिजला, तो बदलला."

"मग?"

"मग काही नाही."

ते उठले आणि भरलेली किटली पुन्हा भरू लागले. खोटं बोलणारा माणूस गरजेपेक्षा जास्त बोलतो. खरं दाबणारा गप्प होतो आणि हाताला काम शोधतो. मी वाट पाहिली.

"हे मी एकदा सांगितलं होतं," पाठ फिरवूनच ते बोलले. "पहिल्याच दिवशी. समोर बसलेल्या त्या साहेबाने विचारलं, पोराच्या शर्टाखाली काय आहे ते तुला कसं ठाऊक? असं विचारलं की... समजलं मला, तो काय म्हणतोय ते. घरात बायको, दोन मुली. पुन्हा तोंडातून काढलं नाही."

"आता काढा."

"पोटाला काळा दोरा होता. त्यात बारकासा घुंगरू. कूस बदलली की वाजायचा. मी म्हटलं, मांजर आहेस का रे? तो म्हणाला, आईने बांधलाय, काढला तर तिला तिकडे कळतं."

डिटेक्टिव्हने कप खाली ठेवला. ज्याला सगळे पोकळ मणी समजत होते, तो घुंगरू होता. मी आल्प्सच्या पोलिसांना फोन करून तो हलवून बघायला सांगितलं. आतला दाणा गंजून चिकटला होता, पण होता.

मग वर्ध्याकडे त्या मुलाची बहीण शोधली. निवृत्त शिक्षिका. मी काही न सुचवता विचारलं, "ताई, भावाच्या अंगावर ओळखीची काही खूण?"

"करदोडा होता जी. मायनं बांधला होता, जायच्या दिवशी. लहानपणच्या वाळ्यातला घुंगरू घातला होता त्यात." मग तिनेच विचारलं, "कुठं सापडला?"

"डोंगरावर. बर्फात."

"डोंगरावर जायचं नाही म्हणून मायनं शपथ घातली होती त्याले. म्हणूनच सांगून गेला नसंल."

वर्ध्याच्या पोलिसांमार्फत ताईंचा डीएनए नमुना घेतला. जुळला. मुलगा त्या घरातून स्वतःच्या पायाने बाहेर पडला होता आणि एकटा हिमनदी बघायला गेला होता.

सुपरिंटेंडंट म्हणाले, "छान काम. म्हाताऱ्याला पत्र पोस्टाने पाठवून दे."

"पोस्टाने नाही. त्यांना चौकशीला नेलं ते रविवारी, चर्च सुटताना, सगळ्या गावादेखत. सोडायचंही तसंच."

सुपरिंटेंडंट खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मग मीही येतो."

रविवारी आम्ही तिघं पूर्ण गणवेशात, दिवे लावलेल्या गाडीतून गेलो. चर्च सुटलं होतं. लोक थबकले. म्हाताऱ्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. त्यांना वाटलं, पुन्हा आले. सुपरिंटेंडंटनी टोपी काढली आणि पत्र मोठ्याने वाचलं: या गृहस्थांचा या मृत्यूशी संबंध नाही, कधीही नव्हता, आणि झाल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत.

शेजारची एक बाई म्हणाली, "म्हणजे ते शेड यांनी उगीच फोडलं?"

"फुकटात फोडून दिलं," म्हातारे म्हणाले. "मला तिथला उतार नीट करायचाच होता."

आधी एक जण हसला, मग सगळे. त्या बाईने त्यांचा हात धरला आणि सोडलाच नाही. माझ्या नोकरीत मी पुष्कळांना पकडलं. त्यांपैकी एकाही अटकेचा आनंद या सकाळच्या जवळपास येत नाही.

महिनाभरात दोन्ही खोल्या भरल्या. एक मुलगा नागपूरचा, एक मुलगी नाशिकची. ग्रुपवर मुलीने लिहिलं, 'आजोबा एकदम ग्रँड आहेत, फक्त इथल्या लोकांसारखं कपाटाला प्रेस म्हणतात'.

या प्रकरणातून मी दोन गोष्टी शिकले. चौकशीत आपण ज्या सुरात प्रश्न विचारतो, तो सूरच कधी कधी उत्तर मारून टाकतो. आणि संशय चारचौघांत घेतला असेल, तर तो कपाटातल्या फाइलमध्ये मिटत नाही. तो चारचौघांतच मिटवावा लागतो.

एक काम मात्र राहिलं आहे. अस्थी मिळाल्यावर ताईंचा फोन आला होता. "माय मरेस्तोवर त्या घरमालकाले शाप देत होती. मीबी दिले. मले त्याच्याशी एक डाव बोलायचं आहे. तुम्ही मधात बसून सांगा."

मी म्हाताऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "तिने काय बोलायचंय? मीच त्याला दारापर्यंत सोडायला गेलो होतो. कुठे चाललास, हे नीट विचारलं नाही." मग म्हणाले, "पुढच्या रविवारी बघू."

असे बरेच रविवार गेले. ताईंचं वय झालंय, यांचंही. येत्या रविवारी मी विचारणार नाही. वर्ध्याला फोन लावूनच त्यांच्या घरात शिरणार आहे.