आई विचारायची, इंजेक्शन निघालं का?

पुण्याची एसटी लागली तेव्हा माझे वडील, अण्णा, माझ्याशी नाही, कंडक्टरशी बोलत होते. वल्लभनगरला उतरवा म्हणून त्याला दोनदा बजावलं. मला एवढंच म्हणाले, बहिणीचं, रेखाचं लग्न होईस्तोवर येऊ नकोस. आई खिडकीचा गज धरून उभी होती. "औषध निघंल बघ. निघलं की ये."

रेखा, तुझ्यावर माझा राग कधीच नव्हता. जिल्ह्याच्या दवाखान्यात एचआयव्हीच्या रांगेत मला आपल्या गावच्या माणसानं पाहिलं आणि तुझं जमत आलेलं मोडलं, यात तुझा काय दोष? पण तुझं लग्न लागलं, जावई दिवाळसणाला येऊन गेले, तरी मला कुणी ये म्हणालं नाही. ते मात्र लागलं, खोटं कशाला बोलू.

चाकणला रूम घेतली, असेंब्ली लाइनला लागलो. शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, गोळीची वेळ मी बदलू दिली नाही. विषाणू इतका दबला की रिपोर्टमध्ये सापडेना. डॉक्टर खूश, मी खूश. आईच्या लेखी मात्र गोळी सुटत नाही तोवर पोरगा आजारीच. दर फोनला तेच, इंजेक्शन निघालं का? निघतंय, म्हणायचो.

मग तिनं टीव्हीवर ऐकलं की एचआयव्हीवर आता प्रतिकारशक्तीचा उपचार येतोय. झालं! करोनात अख्ख्या गल्लीला हिनंच गुळवेलीचा काढा पाजलेला. वाळवलेल्या गुळवेलीचं गाठोडं घेऊन बाई एकटी चाकणला हजर. म्हणे, आता गोळ्या बंद कर.

तिला पिंपरीच्या दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमकडं नेलं. मॅडम हसल्या नाहीत. गुळवेल बाजूला ठेवायला सांगितली, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्यांसोबत काहीच नको म्हणाल्या. मग समजावलं, की हा विषाणू आपल्याच पेशींत दडतो, कंपनीचा युनिफॉर्म घालून चोर शिरावा तसा. सिक्युरिटीला तो ओळखूच येत नाही. त्याला ओळखायला शिकवणाऱ्या लसी, त्याला धरणारी प्रतिपिंडं यांवर जगभर काम चाललंय. काही जण गोळ्यांविना काही काळ राहिलेतही, पण सगळ्यांना ते जमलेलं नाही. आपल्यासारखीच माणसं, स्वतःला काही मिळेल याची खात्री नसताना, त्या चाचण्यांना दंड पुढं करतात. हे ऐकून मला वाटलं, अशा माणसांच्या पाया पडावं.

आईनं सरळ विचारलं, "ह्याच्या हयातीत निघंल का?"

"सांगता येत नाही, आजी. पण गोळ्या घेत राहिला तर वाट बघायला तो भरपूर जगेल."

मला या बाईचं फार कौतुक आहे. खोटी आशा देत नाही, असलेली काढूनही घेत नाही.

भोसरी गेली, मोशी गेली, आई बसच्या खिडकीबाहेर बघत बसलेली. मला वाटलं, खचली. चाकणला उतरल्यावर म्हणाली, "रेशनकार्ड हिकडं बदलून मिळतं का रे?"

मग तिनं अण्णांना फोन लावायला लावला. म्हणाली, औषध निघायला टाइम हाय, मी लेकापाशी राहते, तुमाला यायचं तर या. अण्णांनी फोन ठेवला नाही, बोललेही नाहीत.

गाव सोडून इकडं आलेल्या माझ्यासारख्यांना आता मी एकच सांगतो, परत जायचं औषधावर टांगून ठेवू नका. आणि रेखा, या दिवाळीला माहेरी यायचं असेल तर चाकणची गाडी धर. आई इथं आहे.