मशीन हलवलंत का?

"मिलिंद, मशीन चालूच होत नाही. स्क्रीनवर कुलूप आलंय," पास्कलभाऊ फोनवर म्हणाले.

"हलवलंत का?"

"हो, चांदीपच्या नव्या शेडमध्ये. फादर आशीर्वाद द्यायला येणार होते, म्हणून घाईनं आणलं."

मी कपाळाला हात लावला. त्या मशीनचा सर्व्हिस इंजिनीअर मीच.

हे फाइव्ह-अ‍ॅक्सिस मशीन. धातू पाच दिशांनी कापतं. पास्कलभाऊ त्यावर मोडलेल्या हाडांत बसवायच्या प्लेट्स करत. पण अशाच मशीनवर क्षेपणास्त्रांचे भागही होतात. म्हणून मशीन बनवणाऱ्या देशाचा नियम आहे, विचारल्याशिवाय जागा बदलायची नाही. आत सेन्सर असतो. हललं की मशीन लॉक. उघडायचा कोड तिथल्या सरकारनं हो म्हटल्यावरच येतो.

"मशीन माझं, जमीन माझी. परक्या सरकारचा काय संबंध?" भाऊ शेडमध्ये मला विचारत होते. त्यांचं मोठं गिऱ्हाईक एकच होतं. माल थांबला तर ते जाणार आणि धंदा बसणार, हे दोघांनाही कळत होतं.

मी माझ्या कंपनीतल्या साहेबांना फोन लावला.

"शेडचे फोटो, पत्त्याचा पुरावा, काय बनवतात त्याचं पत्र, सगळं पाठव."

"साहेब, हाडांच्या प्लेट्स बनवतात ते."

"मला माहितेय रे. त्यांना कुठे माहितेय?"

तिकडून प्रश्न आला, शेजारी काय आहे? मी लिहिलं, भाताचं शेत आणि एक म्हैस. साहेबांनी म्हैस खोडली.

मग नुसती वाट पाहणं. भाऊंचा फोन आला की मी "येतोय, येतोय" म्हणायचो. शेवटी मला त्यांचा फोन घ्यायचीच लाज वाटू लागली. गिऱ्हाईक गेलं. दोन्ही ऑपरेटर दुसरीकडे लागले.

कोड आला तेव्हा मी धावतच गेलो. टाकला. मशीन झकास फिरलं. भाऊ दारातच उभे राहिले.

"बरं झालं. विकलंय मी ते, नालासोपाऱ्याच्या एका कारखान्याला. उद्या ट्रक येतोय."

"भाऊ, ट्रक थांबवा. हलवायला पुन्हा परवानगी लागेल."

"आता तर कोड आला ना?"

"तो फक्त इथल्यासाठी."

ते हसायला लागले. हसता हसता खाली बसले आणि रडले. एवढा धिप्पाड माणूस. मी शेजारी बसलो, पाठीवर हात ठेवला. संध्याकाळी त्यांच्याच टेबलावर नवा अर्ज भरला.

आता मशीन बसवायला गेलो की मालकाला आधीच सांगतो, जागा तुमची असून भागत नाही, ती परक्या सरकारलाही पसंत पडावी लागते.