फुग्यावरचा हात

तान्ह्या मुलांना भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंना सगळं ऑपरेशन थिएटर पाठीमागे ‘आत्याबाई’ म्हणायचं, आणि त्यांच्या हाताखाली वाढलेला सर्जन तर तोंडावरच ‘आत्या’. कुणाला दोन शब्द सुनावल्याशिवाय त्यांचा दिवस पुरा होत नसे. त्यांचे यजमान म्हणत, “ही उशी घेतानाही डोळे मिटून दाबत बसते. दुकानदाराला वाटतं, बाईंना तिथेच झोप लागली.”

खोड हाताची होती. बाळाच्या अन्ननलिकेत हृदयाच्या सोनोग्राफीची नळी सरकवायची वेळ आली, की त्या श्वास देणाऱ्या यंत्राला सुट्टी देत आणि श्वासाचा फुगा स्वतःच्या हातानं दाबत. तान्ह्याची अन्ननलिका आणि श्वासनलिका म्हणजे एका पांघरुणातली भावंडं. एकानं कूस बदलली की दुसरं चेंगरलंच. ते तळहाताला आधी कळतं, असं त्यांचं म्हणणं.

त्या सकाळी टेबलावर हातभर बाळ होतं. अक्रोडाएवढ्या हृदयातलं भोक सर्जननं ठिगळ लावून बुजवलं होतं आणि हृदय नुकतंच स्वतःच्या बळावर चालू लागलं होतं. ठिगळ गळत असेल, तर पुन्हा सगळं उघडायचं. नळी आत गेली, पडद्यावर चित्र उमटलं आणि आत्याबाईंच्या हातातला फुगा घट्ट झाला.

“नळी काढते.”

“थांबा की आत्या, आत्ता कुठे ठिगळाची कड दिसायला लागलीय.”

“तुला कड दिसतेय, त्याला श्वास मिळत नाहीये.”

नळीचं वाकवलेलं टोक सरळ करून त्यांनी ती अलगद ओढली. घाई केली तर आतलं कोवळं अस्तर फाटायचं. टोकाला रक्त नव्हतं. फुगा मऊ झाला. पडदा मात्र काळा.

“झालो मी आंधळा,” सर्जन कुरकुरला.

“छाती उघडी आहे ना समोर? वरून बघ. आणि हात हलका. शिक्का मारायचा नाहीये.”

निर्जंतुक पिशवीत घातलेली सोनोग्राफीची दुसरी दांडी त्यानं थेट धडधडत्या हृदयावर टेकवली. जरा जास्त दाबली की ठोका अडखळे. तो हात उचले, पुन्हा टेकवे. त्याच्या हाताखाली हृदय, त्यांच्या मुठीत श्वास. पडदा उजळला. दर ठोक्याला ठिगळ शिडासारखं ताठत होतं आणि पलीकडे थेंबही जात नव्हता.

“गळत नाही,” तो म्हणाला, जणू बाळ जागं होईल, इतक्या जपून.

आत्याबाईंना त्याला कुरकुरीबद्दल बरंच सुनावायचं होतं. पण एकही शब्द आठवेना. त्या नुसत्या पडद्याकडे बघत फुगा दाबत राहिल्या.

शेवटी नर्सनंच विचारलं, “मॅडम, बरं वाटत नाहीये का?”